दुधाच्या पिशवीची सख्खी बहीण

एक चौरस मीटर कापड आणि वजन 17 ग्रॅम. वर्तमानपत्राचा तेवढाच कागद तराजूत टाकला तर 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. हे कापड अर्धपारदर्शक असतं, चुरगाळलं की करकरतं, पाणी आत घेत नाही आणि ताणून पाहिलं तर तसूभरही वाढत नाही. कमीत कमी सामान घेऊन डोंगर चालणारी मंडळी या कापडाचे तंबू वापरतात, आणि याच्याच जाड, चौरस मीटरला शंभरेक ग्रॅमच्या प्रकारातून सॅक शिवल्या जातात. अशी तीस-पस्तीस लिटरची सॅक अर्ध्या किलोच्या आत बसते. आपण भाड्याने आणतो ती साठ लिटरची, आत सांगाडा असलेली सॅक रिकामीच दोन किलोच्या घरात जाते.

या कापडातल्या धाग्याचं नाव डायनिमा, आणि तो बनतो पॉलिथिनपासून. रोज सकाळी दारात येणारी दुधाची पिशवी ज्याची असते, त्याच पॉलिथिनपासून.

पॉलिथिनचा जन्मच मुळात अपघाताने झाला. 1933 मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत फॉसेट आणि गिब्सन हे दोन रसायनशास्त्रज्ञ इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. हवी होती ती रासायनिक क्रिया झालीच नाही. भांड्यात उरला थोडासा पांढरा, मेणचट पदार्थ. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या केबलींवर चढला आणि युद्धानंतर बादल्या, डबे, पिशव्या होऊन घराघरांत शिरला. रचना इतकी साधी की शाळकरी पोरानेही काढावी: एका कार्बनला दोन हायड्रोजन, पुढे पुन्हा तेच, पुन्हा तेच. दुधाच्या पिशवीत या साखळ्या तुलनेने आखूड, फांद्या फुटलेल्या आणि कशाही पसरलेल्या असतात. डायनिमातली एकेक साखळी दोन-चार लाख कार्बन लांब असते आणि तिला फांद्या जवळजवळ नसतातच.

पण नुसती लांबी कामाची नाही. लांब साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत अडकतात, आणि तो गुंता ओढला तर सरळ होण्याआधीच तुटतो. 1970 च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी यावर तोड काढली. त्यांनी पॉलिथिन द्रावकात इतकं पातळ विरघळवलं की साखळ्यांना एकमेकींपासून सुटायला जागा मिळाली. मग ते द्रावण बारीक भोकातून सोडून थंड केलं. हाती आला जेलीसारखा लिबलिबीत धागा. तो गरम करून कित्येक पट लांब ओढला. ओढता ओढता साखळ्या धाग्याच्या दिशेने शेजारी-शेजारी निजल्या आणि घट्ट बसल्या. आता ताण पडतो तो थेट कार्बन-कार्बन बंधावर, आणि तो बंध निसर्गातल्या बळकट बंधांपैकी एक आहे. वजनाला वजन लावलं तर हा धागा पोलादाला कित्येक पटींनी मागे टाकतो. घनता पाण्याहून कमी, म्हणजे दोर पाण्यावर तरंगतो. त्याने जहाजं बांधतात, आणि त्याच्याच थरांची चिलखतं बंदुकीची गोळी अडवतात.

सॅकच्या कापडात आणखी एक करामत आहे. ते विणलेलंच नसतं. विणीत प्रत्येक धागा दुसऱ्याच्या खालून-वरून नागमोडी जातो. ताण आला की आधी ती नागमोड सरळ होते, मग धागा जोर धरतो. इथे डायनिमाचे तंतू सरळच्या सरळ अंथरून दोन पातळ पॉलिएस्टर फिल्ममध्ये चिकटवतात. पहिल्या क्षणापासून धागा जोर घेतो. ही जुळणी आधी शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी झाली, डोंगरवाल्यांच्या हाती ती नंतर लागली.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, चला, घेऊन टाकू. थांबा. हा धागा पॉलिथिनचा, म्हणजे खोडीही पॉलिथिनच्याच. रंग धरत नाही, गोंद धरत नाही, दोराची गाठ सटकते, आणि साधारण 145 अंशांना वितळतो. चुलीवरून उडालेली ठिणगीही फिल्मला भोक पाडू शकते. ओढण्यात हे कापड राजा, घासण्यात मात्र लेचंपेचं. आणि सह्याद्रीत सॅकच्या नशिबी घासणंच येतं. नाळेतून उतरताना ती मागच्या कातळावर खरडते, करवंदीच्या जाळीतून जाताना काटे ओरबाडतात, आणि गुहेत पोचलं की आपण ती खडबडीत जमिनीवर धाडकन आदळतो. माझ्या मते आपल्या डोंगरांसाठी या कापडावर पैसे ओतण्यात अर्थ नाही. शंभर ते दोनशे दहा डेनिअरच्या रिपस्टॉप नायलॉनची, चारशे ते सहाशे ग्रॅमची सॅक इथे जास्त शहाणी.

डेनिअर म्हणजे नऊ किलोमीटर लांब धाग्याचं ग्रॅममधलं वजन. दोनशे दहा डेनिअरचा धागा नऊ किलोमीटर उलगडला तर दोनशे दहा ग्रॅम भरेल. रिपस्टॉपमध्ये दर काही मिलिमीटरवर एक जाड धागा असतो. कापडावर नखाने रेघ ओढली की त्या बारीक चौकड्या हाताला लागतात. फाटत आलेली चीर त्या जाड धाग्यापाशी अडते.

या नायलॉनवर बाहेरून काय थापलंय, हेही पाहण्यासारखं. पॉलियुरेथेनचा लेप धाग्यांना जागच्या जागी चिकटवून टाकतो. चीर पडली की धागे एकेकटे सापडतात आणि एकेक करून तुटतात. सिलिकोन मात्र निसरडा. चीर पुढे सरकली की तिच्या टोकाशी धागे घसरून एकत्र गोळा होतात आणि जुडी करून ताण झेलतात. तेच नायलॉन, पण फाडायला कितीतरी अवघड. लेपाने कापड बळकट होतं तेही घट्ट चिकटवून नव्हे, सैल सोडून!

आता प्रश्न असा की ही सगळी मरमर कशासाठी? एक किलो जास्त असला तर बिघडतं काय? हिशेब करून पाहू. सह्याद्रीत गडाचा चढ सातशे मीटर धरा. एक किलो तेवढा उंच न्यायला सुमारे 6,900 ज्यूल लागतात. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामात उतरवतात, म्हणून चौपट करू. आकडा येतो साडेसहा किलोकॅलरींचा. एका ग्लुकोज बिस्किटात याच्या तिप्पट ऊर्जा असते. म्हणजे किलोभर ओझं गडावर चढवण्याची किंमत बिस्किटाचा एक तुकडा.

मग गडावर पोचेपर्यंत खांदे का बोलायला लागतात? कारण नुसतं चढवण्यावर भागत नाही. सपाटीवरही प्रत्येक पावलाला आपलं धड चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतं आणि सॅक त्याच्याबरोबर हिंदकळते. या हिंदकळण्यात इतकी ताकद असते की 2005 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लॉरेन्स रोम यांनी ओझं स्प्रिंगवर टांगलेली सॅक करून चालता चालता सात वॅटच्या वर वीज काढून दाखवली. त्यात खांद्यांवरचा दाब, तोल सावरायला पुढे वाकलेली पाठ. आणि खरी वसुली उतारावर होते. मांडीचे स्नायू तिथे ताणले जात असतानाच ब्रेक लावतात, त्यांत सूक्ष्म इजा होतात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना ओझ्याची आठवण येते.

शरीराचा हिशेब चक्रावून टाकणारा आहे. अमेरिकी लष्करासाठी 1969 मध्ये झालेल्या मोजमापांत पायाला बांधलेलं वजन धडावरच्या वजनाच्या पाच-सहा पट महाग पडलं. म्हणजे सॅकमधले शंभर ग्रॅम वाचवण्याआधी बुटांकडे बघावं. दुसरीकडे, 1986 मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांची चाल मोजली तेव्हा स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ओझं डोक्यावर असूनही त्यांच्या शरीराला जादा ऊर्जा लागतच नव्हती. नेपाळी हमाल तर कपाळावरच्या पट्ट्याने सरासरी स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त ओझं वाहून नेतात, असं 2005 मध्ये मोजलं गेलं. आपल्या गडांच्या पायथ्याच्या वाड्यांतल्या बायका चुंबळीवर मोळी घेऊन ज्या सहजतेने उतरतात, त्यांचं मोजमाप कुणी घ्यायला हवं. आपण मात्र बॅकपॅकवाले. आपल्याला ओझं कमी करण्यावाचून गत्यंतर नाही.

एमा गेटवूड यांना हे 1955 मध्येच कळलं होतं. वय 67, अकरा मुलांची आई. अमेरिकेतली अपालेशियन वाट तीन हजारांहून जास्त किलोमीटरची. बाई ती एकाच हंगामात एकट्याने चालून गेल्या, कॅनव्हासचे बूट घालून आणि घरी शिवलेली डेनिमची पिशवी खांद्याला अडकवून. पावसासाठी जवळ न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. पुढे 1992 मध्ये रे जार्डिन यांनी पुस्तक लिहून या विचाराला शिस्त लावली. कातळारोहण करणारे त्यांना ओळखतातच, भेगेत अडकवायचे ‘फ्रेंड्स’ त्यांचेच. जार्डिन आपली सॅकही स्वतः शिवत.

या परंपरेतली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे सॅक सगळ्यात शेवटी घ्यायची. आपण उलटं करतो. आधी ऐटदार साठ लिटरची सॅक येते, मग ती रिकामी दिसते म्हणून त्यात सामान जातं. आधी एका मुक्कामाचं सामान चादरीवर मांडा. गडावर देऊळ किंवा गुहा असेल तर तंबू गळतो. राजगडावर पद्मावतीच्या देवळात, हरिश्चंद्रगडावर गुहांत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाठ टेकली. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळणार असेल तर स्टोव्ह आणि भांडी गळतात. उरतं पाणी, आणि एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात कुठलंही तंत्रज्ञान सवलत देत नाही. कातळात खोदलेली टाकी म्हणूनच मोलाची. कुठल्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे हे गावात विचारून निघालं की दोन किलो वाचतात. पाणी आणि खाणं सोडून बाकी सगळं साडेचार किलोंत बसलं की अतिहलकं म्हणायची जगभरची रीत आहे. सह्याद्रीतल्या एका रात्रीला त्याहूनही कमी पुरतं.

ओझं आठ-नऊ किलोंच्या खाली आलं की सॅकमधला सांगाडाही काढता येतो. झोपायची फोमची कॅरीमॅट घडी घालून पाठीच्या बाजूला सरकवली की तीच कणा होते. पावसाळ्यात एक लक्षात ठेवावं: कापड कितीही जलरोधक असलं तरी शिवणीत सुईने हजारो भोकं पाडलेली असतात. आत मोठी, जाड पॉलिथिनची पिशवी घालून तिचं तोंड पिळून बंद करावं. काही रुपयांच्या या पिशवीइतकी खात्रीची पावसाळी सोय महागड्या कव्हरात नाही. वाऱ्याने कव्हर उडतं आणि पाठीकडून येणारं पाणी ते अडवत नाही.

विकत घेताना आपल्या उंचीवर जाऊ नका, पाठीच्या लांबीवर जा: मान झुकवली की मागे जे हाड टेंगळासारखं वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत. सारख्याच उंचीच्या दोघांत ही लांबी चार-पाच सेंटिमीटरने सहज वेगळी निघते. दुकानात रिकामी सॅक लावून आरशात पाहण्यात काही हशील नाही. सहा किलो वजन भरा, दोन जिने चढा आणि मुख्य म्हणजे उतरा. उतरताना सॅक डावी-उजवीकडे झुलत असेल किंवा पट्टा काखेत काचत असेल, तर दुसरी काढायला सांगा.