कथलाच्या तारेत जीव होता का?

गैरसमज: जगदीशचंद्र बोस यांनी धातूंनाही जीव असतो हे सिद्ध केलं.

वस्तुस्थिती: बोस यांनी मोजला तो प्रतिसाद. बिनतारी लहरी टिपणारं त्यांचं उपकरण सतत वापरलं की मंदावायचं आणि विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत व्हायचं. स्नायूही असेच थकतात, हे त्यांच्या मनात घोळू लागलं. मग त्यांनी कथलाची तार घेतली. पाण्यात बुडलेल्या तिच्या एका टोकाला पीळ दिला की दोन टोकांमध्ये क्षीण वीज वाहायची. गॅल्व्हानोमीटरवरून तिचा आलेख निघे: रेघ झटकन चढायची, सावकाश उतरायची. धुण्याच्या सोड्याने ही उसळी वाढायची, ऑक्झॅलिक आम्लाने पार मावळायची. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोस यांनी स्नायू, वनस्पती आणि धातू यांचे असे आलेख मांडले. ते इतके सारखे होते की कोणता कशाचा, हे सांगणं कठीण जावं.

व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी गंगाकाठच्या पूर्वजांच्या एकत्वाच्या विचाराचं स्मरण केलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच. १९०२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातला युक्तिवाद मात्र वेगळा आहे. निर्जीव तारही प्रतिसाद देत असेल, तर स्नायूच्या प्रतिसादासाठी वेगळी गूढ ‘जीवनशक्ती’ मानायचं कारण उरत नाही. दोन्हीकडे भौतिकीचेच नियम लागू पडतात. हे धाडसाचं विधान होतं. त्यावर ‘धातूला जीव’ असं लेबल चिकटवणं हा बोस यांच्यावर अन्याय आहे. ती तार काही खात नव्हती, झीज भरून काढत नव्हती, तिला पिल्लंही होत नव्हती.

गैरसमज: यंत्र ‘मला भीती वाटते’ म्हणालं, म्हणजे त्याला भीती वाटते.

वस्तुस्थिती: तारेने प्रतिसाद दिला म्हणून ती जिवंत ठरत नाही, तसंच यंत्राच्या शब्दांचं. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा संवादी प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य उलटवून तो प्रश्न विचारायचा. तो तयार होताना कित्येक महिने पाहणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरीनेही त्याच्याशी बोलताना वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं! २०२२ मध्ये गूगलचे अभियंते ब्लेक लमॉइन यांनी कंपनीच्या ‘लॅम्डा’ या संवादी प्रोग्रॅमला जाणीव असल्याचा दावा केला; बंद केलं जाण्याची भीती त्याने बोलून दाखवली होती. गूगलने दावा फेटाळला. ‘लॅम्डा’सारखे प्रोग्रॅम माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता, हे शिकतात, आणि त्या मजकुरात मरणाची भीती जागोजागी आहे. म्हणून त्यांचे शब्द हा फार कच्चा पुरावा ठरतो.

गैरसमज: यंत्राला जाणीव येणं अशक्य आहे, हे विज्ञानाने ठरवून टाकलंय.

वस्तुस्थिती: नाही. तारेतली वीज मोजायला बोस यांच्याकडे गॅल्व्हानोमीटर होता. जाणीव मोजणारं असं उपकरण अजून कोणाकडेच नाही.