पंधरा रकाने आणि जुन्या ध्वनिफिती

अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांत इतिहासाचे विद्यार्थी निबंधाऐवजी आपल्या गावाचे डिजिटल प्रदर्शन मांडतात. त्यासाठी ‘ओमेका’ हे सॉफ्टवेअर बरेच वापरले जाते. व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात रॉय रोझेन्झ्वाइग यांनी १९९४ मध्ये इतिहास आणि नवमाध्यमांचे केंद्र काढले. तिथल्या मंडळींनी २००८ मध्ये ओमेका सर्वांना मोफत खुले केले. रोझेन्झ्वाइग त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते.

ओमेकाची शिस्त कडक आहे: आधी वस्तूची नोंद, मग प्रदर्शन. छायाचित्र चढवायला घेतले की ‘डब्लिन कोअर’ या नोंदींच्या मानकाचे पंधरा रकाने समोर येतात. शीर्षक, कर्ता, तारीख, स्रोत, हक्क वगैरे. पान सजवायला उतावीळ झालेली मुले इथे अडतात, आणि अडायलाच हवीत. फोटो कोणी काढला, केव्हा, तो दाखवायला परवानगी कोणाची, हे शोधताना ती खरा इतिहास शिकतात.

पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर विद्यापीठाचे ‘गोइन नॉर्थ’ हे डिजिटल प्रदर्शन याचे उदाहरण म्हणून जरूर पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतली हजारो कृष्णवर्णीय माणसे वर्णद्वेष आणि हलाखी मागे टाकून फिलाडेल्फियात आली. म्हातारपणी त्यांनी सांगितलेल्या आठवणी इतिहासकार चार्ल्स हार्डी यांनी १९८० च्या दशकात ध्वनिफितींवर टिपल्या. तीन दशकांनी, २०१४ मध्ये, हार्डी आणि जॅनेकन स्मकर यांच्या वर्गातल्या मुलांनी त्या मुलाखती कानाला लावल्या.

केंटकी विद्यापीठात घडवलेल्या ‘ओम्स’ प्रणालीत मुलांनी मुलाखतींची कालसूची बांधली. सूचीतल्या विषयावर टिचकी मारली की आवाज नेमका तिथून सुरू होतो. मला या साऱ्या खटाटोपात हेच काम सर्वांत मोलाचे वाटते. लिहून काढलेल्या मजकुरात बोलणाऱ्याचा अडखळलेला श्वास हरवतो. इथे तो राहतो. शिवाय सूची बांधणे म्हणजे कारकुनी नव्हे. समजा, एखादी आजी परक्या घरी केलेल्या धुण्याभांड्यांबद्दल सांगते आहे. ते ‘नोकरी’खाली घालायचे की ‘वर्णभेदा’खाली? विशीतल्या मुलाला तोच तुकडा पुन्हापुन्हा ऐकून ठरवावे लागते, आणि ठरवताना त्या बाईचे आयुष्य समजून घ्यावे लागते.

सत्र संपते, मुले पांगतात. पण ओमेकात नोंदी प्रदर्शनापासून वेगळ्या साठवलेल्या असतात. एक मांडणी काढून टाकली, तरी आवाज आणि रकाने जागच्या जागी राहतात, आणि पुढची तुकडी त्यांवर स्वतःची, कदाचित आधीच्यांशी असहमत असलेली, मांडणी उभी करू शकते.