कातड्याएवढ्या राज्याची शिबंदी

जव्हारच्या मुकणे घराण्याचा मूळपुरुष जो जायबा, त्याने एका सरदाराकडे बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन मागितली, आणि होकार मिळताच त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून, एकीला एक जोडून, त्यांच्या घेऱ्यात अवघा मुलूख घेतला, अशी आख्यायिका जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. तिच्यात इतिहास किती आणि कल्पना किती हा वाद सोडून दिला, तरी त्या वाद्यांतून उभे राहिलेले राज्य सुमारे ३१० चौरस मैलांचे होते आणि १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ते नांदले, हे खरे. प्रवाळांचे लहानसे मत्स्यालय घरी मांडू पाहणाऱ्याने ही कथा उलट्या अर्थाने ध्यानी धरावी. त्याचे राज्यही कातड्याएवढेच असते. पण काचेच्या वाद्या निघत नाहीत, आणि ७५ लिटरांची टाकी कोणत्याही युक्तीने ७५ लिटरांचीच राहते. अशा राज्याला शिबंदी किती पोसवेल, हाच खरा प्रश्न आहे.

समुद्राचे मीठ डबाबंद मिळू लागल्यापासून हा छंद किनाऱ्याचा बांधील राहिलेला नाही. शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून आणि तपमान २४ ते २६ अंशांच्या दरम्यान राखून, समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास असलेल्या जव्हारातही समुद्र सिद्ध करता येतो. परंतु मोठ्या समुद्रात जो कारभार भरती-ओहोटी आणि लक्षावधी क्षुद्र जीव बिनबोभाट उरकतात, तो येथे मूठभर प्राण्यांवर सोपवावा लागतो. आणि काचेवरचे शेवाळ खरवडणे, माशांचे उरलेले अन्न उचलणे, वाळू चाळणे या कामांसाठी गोगलगायी, खेकडे व कोळंब्या यांची जी नेमणूक होते, तिलाच या छंदातली मंडळी सफाईपथक म्हणतात.

नेमणुकीपूर्वी काम निर्माण झालेले असावे, हा पहिला नियम. नव्या टाकीतल्या अमोनियाचे नायट्राइटात आणि नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात; तोवर तेथे सोडलेला प्राणी सफाई करण्याऐवजी स्वतःच विषबाधेने मरतो. हा काळ सरता सरता वाळूवर व काचेवर तपकिरी थर धरू लागला, म्हणजे पहिल्या चार-पाच गोगलगायी आणण्याची वेळ आली असे समजावे.

या गोगलगायींतही खात्यांची वाटणी आहे. ट्रोकस ही काच व दगड खरवडणारी, आणि उलटी पडली तर स्वतः सरळ होणारी. अ‍ॅस्ट्रिया तेच काम करते, पण उताणी पडल्यावर तिला बहुधा कोणी तरी हाताने उचलावे लागते. नेराइट मेहनती खरी, परंतु भरती-ओहोटीच्या खडकांवर वाढलेली असल्यामुळे पाण्याबाहेर चढण्याची तिची सवय जात नाही, म्हणून टाकीवर झाकण हवे. मोठ्या टर्बो गोगलगायीची भूक लहान टाकीस परवडत नाही, आणि तिच्या वाटेतले सुटे प्रवाळ ती ढकलून पाडते. नॅसॅरिअस मात्र शेवाळाकडे ढुंकूनही पाहत नाही. दिवसभर ती वाळूत गाडून घेऊन फक्त सोंडेसारखी नळी वर ठेवते, आणि पाण्यात अन्नाचा वास सुटताच, जेवणाची घंटा ऐकलेल्या वसतिगृहातल्या मुलांसारखी, वाळू फोडून वर धावते. लहान टाकीस अशा दोन-तीन पुरेत.

रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणाऱ्या खेकड्याला संन्यासी हे नाव ज्याने दिले त्याने त्याचा संसार जवळून पाहिला नसावा, कारण अंग वाढले की याला मोठे घर हवे असते आणि ते रिकामे न मिळाल्यास तो जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतो. तो ठेवायचाच तर चढत्या मापाचे काही रिकामे शंख टाकीत टाकून ठेवावेत. पट्टेवाली सफाई-कोळंबी देखणी असते, पण तिचे काम माशांच्या अंगावरचे परोपजीवी टिपण्याचे. तिच्याकडून शेवाळ काढण्याची अपेक्षा करणे म्हणजे वैद्यास अंगण झाडावयास लावणे होय. वाळू चाळणारा तारामासा लहान टाकीत काही महिन्यांत उपाशी मरतो, म्हणून त्याचा मोह धरूच नये. आणि टाकीत तांबेयुक्त औषध घातले, तर माशाचा रोग बरा होईल, पण ही सारी शिबंदी नाहीशी होईल.

येथे कायद्याचाही संबंध येतो. वाळू स्वच्छ करणारी म्हणून परदेशी पुस्तकांत जिची शिफारस असते ती समुद्रकाकडी, तसेच आपल्या समुद्रातले खडक रचणारे प्रवाळ, यांना २००१ साली १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत स्थान मिळाले. मालवणच्या किंवा अन्य किनाऱ्यावरून ते उचलून आणणे हा गुन्हा आहे. विक्रेत्यास मालाचा कायदेशीर उगम विचारावा, आणि उत्तर गुळमुळीत आले तर पैसे खिशातच ठेवावेत. पहिल्या पावसात जव्हार-मोखाड्याच्या ओढ्यांकाठी व भाताच्या खाचरांत दिसणारे खेकडेही या कामी निरुपयोगी. पालापाचोळा फस्त करून ते ओढा राखतात, पण गोड्या पाण्यात जन्म काढलेला तो जीव खाऱ्या टाकीत टाकणे हे केवळ क्रौर्य आहे.

इतकी निवड करूनही एक भ्रम उरतो, तो हा की पथक नेमले म्हणजे घाण गेली. गोगलगाय जे खाते तेच विष्ठेच्या रूपाने पाण्यात परत करते. शेवाळाचे खत जे नायट्रेट व फॉस्फेट, ते टाकीबाहेर जाते बहुतांशी मालकाच्या हातून, दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलल्याने आणि माशांना बेताने खाऊ घातल्याने. या पाणीबदलास लागणारे शुद्ध पाणी यंत्रातून काढताना त्याच्या कित्येक पट पाणी वाया जाते. मध्य वैतरणेचे धरण मोखाडा तालुक्यात असून त्याचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात बाया हंडाभर पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालतात; हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते वाया जाणारे पाणी भांडी-धुणी व झाडे यांसाठी साठवून ठेवावे. शिबंदी थोडी ठेवावी, एकेक करून वाढवावी, आणि तिला पोटभर काम असेल तेवढीच ठेवावी. झाडलोटीची अखेरची जबाबदारी मात्र राज्याच्या धन्याचीच आहे.