मधुमेह : न दुखणारी जखम अधिक धोक्याची



हरभऱ्याला मर लागली की जमिनीत ओल असूनही झाड वाळते. बुरशी मुळातून शिरून पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवते. मधुमेही माणसाच्या शरीरातही असे घडू शकते आणि ते बाहेरून लवकर कळत नाही.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सातारा, सांगलीसह राज्यभर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे 'काळ्या बुरशी'चे रुग्ण आढळले. त्यांत मधुमेहींचा भरणा मोठा होता. ही बुरशी माती, शेणखत, कुजका पाला यांत नेहमीच असते. निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. पण साखर वाढलेल्या शरीरात ती नाकावाटे शिरून रक्तवाहिन्यांत वाढते. तेथे गुठळ्या होतात, रक्त थांबते आणि तो भाग काळा पडून मरतो. जेथे रक्त पोचत नाही तेथे औषधही पोचत नाही. म्हणून इंजेक्शनांबरोबर शस्त्रक्रियाही कराव्या लागल्या. काहींचे डोळे गेले.

ती लाट ओसरली, पण पायाचा धोका रोजचाच आहे. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. उसाचा बुडखा पायात घुसला तरी कळत नाही. जखम चिघळते, त्यामुळे साखर वाढते आणि वाढत्या साखरेने जखम आणखी चिघळते. अशा पायात रक्ताची गुठळी अडकली तर बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येते.

मधुमेहींनी एवढे करावे :

१. रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावे.
२. दारे धरताना, उसाच्या फडात अनवाणी जाऊ नये. पायताण झटकून घालावे. पाय धुऊन कोरडे करावेत.
३. जखमेवर चुना, तंबाखू, राख लावू नये. बधिर पाय शेकू नयेत.
४. तंबाखू, बिडी सोडावी. साखर नियमित तपासावी.

जखम चिघळली, एक पाय गार किंवा काळसर पडला, एकच पोटरी सुजली किंवा चालताना पोटरी भरून येऊन थांबल्यावर बरे वाटू लागले, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. पाय अचानक गार पडून दुखू लागला, तर त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे.

पिकावर रोग दिसताच आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. घरच्या माणसाच्या पायासाठीही पाहू नये.