संगणक मंदावतो तेव्हा : पडद्यामागील कामाचा शोध

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आज संगणक आहे. पण तो बहुधा जुना, चार जीबी मेमरीचा आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा. त्यात मुलांच्या गुणपत्रिका, उत्पन्नाचे दाखले आणि सर्वांत मोलाची अशी एक स्कॅन प्रत असते : आजोबा-पणजोबांच्या शाळेतील जुन्या नोंदीच्या उताऱ्याची. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी पडताळणी समितीपुढे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो मिळवण्यासाठी कित्येकांनी गावच्या शाळेचे उंबरठे झिजवलेले असतात. ऐन शिष्यवृत्ती-अर्जाच्या मुदतीत हा संगणक अडखळू लागला की दुकानातून ठरलेले उत्तर येते, ‘फॉरमॅट मारू.’ त्याने गती येते खरी. परंतु डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधील कागद आधी दुसरीकडे घेतले नसतील तर तेही जातात. म्हणून सर्वप्रथम सर्व कागदांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. त्यानंतरच दोषाचा शोध सुरू करावा.

आपण काहीही उघडलेले नसताना पंखा घरघरत असेल आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर पडद्यामागे कोणते तरी काम चालू आहे असे समजावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील सीपीयू, मेमरी आणि डिस्क या रकान्यांच्या शीर्षकावर क्लिक केले की सर्वाधिक भार टाकणारी प्रक्रिया वर येते. एका क्षणाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. दहा मिनिटे तरी पाहत राहावे. जुन्या डिस्कचे शिर तबकडीवर एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकावे लागते. त्यामुळे विखुरलेल्या बारीकसारीक फायली वाचताना सीपीयू मोकळा असूनही डिस्कचा रकाना १०० टक्के दाखवतो.

यादीत वारंवार वर दिसणारे एक नाव म्हणजे विंडोज सर्च इंडेक्सर. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचे काम सहज कळावे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल सोडून, कागद वाचून, निवडून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे अभ्यासकांची वाट सोपी झाली. इंडेक्सरही असाच आपल्या फायली उघडून त्यांतील शब्दांची सूची करतो, म्हणून शोध झटकन लागतो. नव्या सूचीला काही तास लागणे स्वाभाविक आहे, आणि आपण काम करू लागलो की तो स्वतःहून वेग कमी करतो. बिघाड होतो तो एखादी खराब फाइल पुन्हा पुन्हा वाचली जाते तेव्हा, किंवा पावसाळ्यात वीज अचानक गेल्याने सूचीच मोडते तेव्हा.

कंट्रोल पॅनेलमधील इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडावे. सूचीत आलेल्या फायलींचा आकडा वाढत असेल, तर संगणक रात्रभर चालू ठेवून काम पुरे होऊ द्यावे. तो तासन् तास तिथेच अडला असेल, तर मॉडिफायमध्ये जाऊन मोठे, संशयित फोल्डर वगळावे. तरीही फरक पडला नाही तर ॲडव्हान्स्डमधील रीबिल्ड निवडावे. यात फक्त सूची पुसली जाते, मूळ कागदांना धक्का लागत नाही. अर्जाची मुदत आजच संपत असेल, तर सर्व्हिसेसमध्ये विंडोज सर्च तात्पुरते थांबवावे. टास्क मॅनेजरमधून ‘एंड टास्क’ करण्याचा उपयोग सहसा होत नाही. कारण मागे तसेच राहते आणि प्रक्रिया पुन्हा उठून बसते.

दोन अँटिव्हायरस एकत्र बसवण्याची हौसही महागात पडते. प्रत्येक फाइल दोघेही तपासतात. एक ठेवून दुसरा काढावा. अद्यतनांचे काम मात्र मध्येच तोडू नये.

गुन्हेगार सापडतच नसेल, तर ‘एमएसकॉन्फिग’ उघडून, मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून, उरलेल्यांपैकी निम्म्या बंद कराव्यात आणि संगणक पुन्हा सुरू करावा. भार गेला तर दोषी बंद केलेल्यांत आहे, नाहीतर उरलेल्यांत. पुन्हा त्यांचे अर्धे. चार-पाच फेऱ्यांत नाव हाती येते.

अनोळखी नाव दिसले तर त्यावर उजवी क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ पाहावे. विंडोजच्या सेवेचे नाव धारण करणारी फाइल विंडोज फोल्डरबाहेर, टेम्प किंवा डाउनलोड्समध्ये असेल, तर तो बहुधा तोतया समजावा. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची ओळख पटायला वर्षे लागली. इथे अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी लावली की पुष्कळदा त्याच दिवशी निकाल लागतो. अशा काही प्रक्रिया आपल्या विजेवर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावत असतात.

आणि एवढे करूनही सर्वच प्रक्रिया जड वाटत असतील, तर वीज बंद करून खोके उघडावे. पनवेल तालुक्यात विमानतळ आणि नव्या वसाहतींच्या बांधकामांनी धुळीला तोटा ठेवलेला नाही. पंख्यावर तिचा थर बसला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो. मऊ ब्रशने पंखा साफ करायला पंधरा मिनिटे पुरतात.