मागावरचं कापड, मावशींचं मशीन

भिवंडीचं नाव आपल्याकडे निघतं ते कापडदुकानात. मांजरपाट, अस्तर, परकराचं कापड घेताना ‘कुठला माल?’ असं विचारलं, की दुकानदार इचलकरंजी तरी म्हणतो, नाहीतर भिवंडी. ठाणे जिल्ह्यातलं हे गाव. आधी इथे मोमीन विणकरांचे हातमाग, पुढे यंत्रमाग. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि गिरण्यांचं पुष्कळसं काम भिवंडीच्या मागांकडे आलं. हे बहुतेकांना ठाऊक आहे. आम्हाला सांगायचं आहे ते तिथल्या एका चाळीतल्या शिवणाच्या मशीनबद्दल.

मागावरून उतरतो तो कोरा माल. तो धुलाई-रंगाईसाठी पार राजस्थानात पाली-बालोतऱ्यापर्यंत जातो. ताग्यांचे उरलेसुरले तुकडे, डागी माल मात्र गावातच राहतो. आम्ही ज्या मावशींकडे बसलो, त्यांचं शिवण या तुकड्यांवरच सुरू झालं. सत्तरी ओलांडलीय, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतात.

कापड हातात घेतलं की मावशी आधी ते ओढून बघतात, उभं आणि आडवं. विणताना ताण्याचा दोरा तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात आणि तो मागावर ताणून बसवतात. म्हणून कोरं कापड ताठ लागतं, आणि पाण्यात पडलं की आटतं. लांबीला जास्त, रुंदीला कमी. "रातभर भिजत घालायचं, धुवायचं, वाळवायचं, मगच कात्री लावायची. न्हाईतर पैरण पहिल्या धुण्यात बेंबीवर येते," मावशी म्हणाल्या. गळ्याला मगजी लावायची तर पट्टी उरेब कापायची, म्हणजे ती वळणावर चुणी न पडता बसते. झबल्याची शिवण आतून दुमडून घालायची, बाळाच्या अंगाला टोचता कामा नये. तयार कपडे विकणाऱ्याला हे सुचत नसेल असं नाही, पण परवडत नसावं.

मालक मागावर होते. मागवाल्याची मजुरी मीटरवर. "लाईट गेली की ह्यांचा माग थांबायचा, मजुरी थांबायची. माझं मशीन पायावरचं. त्याला लाईट लागत न्हाई." मुलांच्या शाळेचे पैसे त्या पायांवर निघाले. २०१६ च्या नोटबंदीत माग थंडावले, २०२० च्या टाळेबंदीत तर बंदच पडले. उत्तरेकडचे मजूर पायी गावाकडे निघाले. त्या दिवसांत मावशींनी जुन्या मांजरपाटाचे मास्क शिवले. नंतर कितीतरी माग भंगारात गेले. मशीन तेवढं खिडकीशी आहे.

तरीही घरात ‘कमावते कोण?’ असं विचारलं, की मावशी मालकांचंच नाव घ्यायच्या. आम्हाला हे खटकलं. आपल्या घरांतही यापेक्षा वेगळं नाही. ऊसबिलाचा हिशेब पैशापर्यंत तोंडपाठ असतो, पण कुंच्या, झबली, पोलकी, पोरांचे गणवेश घरी शिवले गेले त्यांची शिलाई कुणी मांडली आहे? वर शेजारणीच्या पोलक्याची शिलाई देताना आपण घासाघीस करतो, ते वेगळंच.

चिंधी मावशी टाकत नाहीत. कापडाचे तुकडे गोधडीत जातात. मध्ये जुनं लुगडं, वर नवे तुकडे, आणि काठाकडून आत येत येत धावदोरा. हंगामात आपल्या गावाबाहेर ऊसतोड्यांच्या कोप्या पडतात, तिथेही अशाच गोधड्या वाळत दिसतात. तोडणीला जाणाऱ्या बाया पाचटानं हात कापू नयेत म्हणून साडीवर गड्यांचे जुने शर्ट घालतात. त्या शर्टांची ठिगळं नीट पाहावीत. टाका बहुधा हाताचाच असतो.

निघताना आम्ही मावशींच्या एका गोधडीची किंमत विचारली. "ही विकायची न्हाई, नातीची हाय. तुम्ही घरचं जुनं लुगडं आणा, मग शिलाई सांगते."