गाडीचं चाक: मोठं घ्यावं की मापाचं?

आज आपण बोलणार आहोत मोठ्या गाड्यांच्या चाकांबद्दल आणि टायरांच्या मापांबद्दल. हा काय बायकांचा विषय आहे का, असं कुणी म्हणेल. पण औंधातून वडूजला, रहिमतपूरला, साताऱ्याला जाणाऱ्या गाडीत बसलेली पोरंबाळं, म्हातारी माणसं आणि रात्री-अपरात्री बाळंतपणाला निघालेली लेक आपलीच असते. टायरचे पैसेही आपल्याच बटाट्याच्या नाहीतर सोयाबीनच्या पट्टीतून जातात. मग निवडताना आपल्याला चार गोष्टी कळायला नकोत का?

प्रश्न दोन वेळा येतो. नवी गाडी घेताना शोरूमवाला विचारतो, १७ इंची चाकाची घेता की १८ इंची? आणि जुन्या गाडीचे टायर गोटा झाले की घरातला पोरगा म्हणतो, "आई, आता मोठ्या अलॉय आणि रुंद टायर टाकू, गाडी उठून दिसेल." दोन्ही वेळा उत्तर देण्याआधी टायरवर काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे.

बोलेरोचंच माप घेऊ. तिच्या टायरवर लिहिलेलं असतं २१५/७५ आर १५. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, ही टायर बांधायची पद्धत. आणि १५ म्हणजे आतली डिस्क १५ इंची. बांगडी भरताना आपण दोन-चार, दोन-सहा असं माप सांगतो, तसंच हे. फरक इतकाच की बांगडीला एक माप पुरतं, टायरला तीन लागतात.

या मापापुढं आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा. ९५ असेल तर एक टायर ६९० किलो पेलतो, १०० असेल तर ८०० किलो. अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१० पर्यंत. आपल्याकडं गाडीत माणसं दाटून बसतात आणि टपावर पोती असतात, म्हणून वजनाचा आकडा कंपनीनं दिलेल्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये. दुकानदार स्वस्त टायर दाखवतो तेव्हा नेमका हाच आकडा बघायचा राहून जातो.

आता भिंतीचं महत्त्व. १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेला रबरी टायर बसवला, कारण टणक चाकावर पोराला हादरे बसत होते. आजही गोष्ट तीच आहे. गाडीचं ओझं पेलते ती आतली हवा, आणि खड्डा आला की दबते ती टायरची भिंत. भिंत उंच असेल तर हादरा तिथंच जिरतो. भिंत बुटकी असेल तर तो डिस्कपर्यंत पोचतो. मग टायरला फुगा येतो, अलॉयला तडा जातो, आणि मागं बसलेल्या आजीची कंबर धरते.

मोठी डिस्क म्हणजे मोठं चाक, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. स्कॉर्पिओ-एनचं उदाहरण घ्या. तिच्या कमी किमतीच्या गाड्यांना २४५/६५ आर १७ माप येतं, महागाच्या गाड्यांना २५५/६० आर १८. हिशेब केला तर पहिल्या चाकाची पूर्ण उंची होते सुमारे ७५० मिलिमीटर, दुसऱ्याची ७६३. फरक जेमतेम बोटाएवढा. कंपनीनं डिस्क वाढवली तशी भिंत थोडी उतरवली, म्हणून चाक जवळपास तेवढंच राहिलं. आता याच गाडीला कुणी हौसेनं २० इंची डिस्क आणि २५५/५० चा टायर बसवला, तर चाकाची उंची तीच ७६३ राहते. पण भिंत उरते १२७ मिलिमीटरची, १७ इंची चाकाला ती १५९ असते. म्हणजे सव्वा इंच उशी गेली आणि तिच्या जागी लोखंड किंवा अॅल्युमिनियम आलं. गाडी दिसते मोठी, बसायला होते कडक.

मग १७ घ्यावं की १८? दोन्ही कंपनीचीच मापं आहेत, दोन्ही चालतात. ज्यांचा प्रवास पुणे-मुंबईच्या हमरस्त्यावर जास्त, त्यांना बुटक्या भिंतीच्या टायरवर गाडी वळणाला जास्त ताठ वाटेल. ज्यांची गाडी वस्तीवर, मळ्याच्या पाणंदीतून आणि खडी उखडलेल्या रस्त्यानं जाते, त्यांना आम्ही लहान डिस्क आणि उंच भिंत सुचवू. हे टायर बहुतेक वेळा स्वस्तही पडतात.

दुसरी हौस असते डिस्क तीच ठेवून टायर जाड करण्याची. बोलेरोला २१५/७५ च्या जागी २३५/७५ टाकतात. चाकाची उंची ७०३ वरून ७३३ मिलिमीटर होते. गाडी जमिनीपासून १५ मिलिमीटर उचलली जाते, हा फायदा खरा. पण चाकाचा एक फेरा लांब झाला, आणि गाडीच्या मीटरला ते ठाऊक नाही. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या वर पळत असते. जड जातं ओढायला जसा जोर लागतो, तसं जड चाक हलवायला इंजिनला आणि थांबवायला ब्रेकला जोर लागतो. घाट चढताना क्लच झिजतो, डिझेल जास्त लागतं. भरल्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासू शकतो. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला भरलेली गाडी घाट उतरत असेल, तेव्हा हे सगळं एकदमच समोर येतं. पावसातही रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो आणि पकड सुटते.

चिखलाची वाट असेल तर टायर रुंद करण्यापेक्षा त्याच मापात खोल नक्षीचा, ए/टी म्हणतात तो टायर बघावा. शेतात तो उपयोगी पडतो. डांबरी रस्त्यावर मात्र त्याचा आवाज जास्त येतो आणि डिझेलही थोडं जास्त जातं. वर्षातून चार वेळाच चिखल लागणार असेल तर साधा टायर बरा.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. भलत्या मापाची चाकं असतील आणि अपघात झाला, तर विम्याच्या पैशांसाठी भांडत बसायची वेळ येऊ शकते. घरचा कर्ता माणूस दवाखान्यात असताना ते भांडण कोण करणार?

तेव्हा दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवा. चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर किंवा गाडीच्या पुस्तकात कंपनीचं माप आणि हवेचा आकडा असतो, त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून न्या. त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनी देते तेवढाच बदल मान्य करा. टायरवर आयएसआय खूण बघा. बाजूला चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३ वा आठवडा. वर्षानुवर्षं दुकानात पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. एका धुरीवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे हवेत. स्टेपनीचं मापही विचारा. ती लहान मापाची असेल तर तिच्यावर फक्त पंक्चरवाल्यापर्यंत, सावकाश जायचं. आणि आपल्या तालुक्यात सहज मिळणारं माप असेल, तर टायर फाटल्यावर गाडी दोन दिवस उभी राहत नाही.

नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानंही बाद. खाचेत तळाशी बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की समजायचं, वेळ झाली.

पोराची हौस मोडायची नाही. त्याला सांगा, अलॉय हवी तर घे, पण माप कंपनीचं घे. उरलेल्या पैशात अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घे, आणि दर पंधरा दिवसांनी टायर थंड असताना हवा तपास. तुमच्या गाडीचं माप वाचताना काही अडलं, तर टायरवरचे आकडे जसेच्या तसे लिहून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात आपण मिळून त्यांचा अर्थ लावू.